हायस्कूलचा पॉइंट गार्ड कॉलेजच्या संघात आणायचा तर

गार्ड, म्हणजे बॉल हाताळून संघाला खेळवणारा खेळाडू, कसा निवडावा यावर जे सल्ले फिरतात, त्यातले निम्मे 'हायलाइट (निवडक चांगल्या क्षणांचा व्हिडिओ) बघा आणि मेसेज टाका' इथेच संपतात. हायलाइटमध्ये कुणाचाच पास चुकत नाही. मी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका छोट्या खासगी कॉलेजात मुलांच्या बास्केटबॉल संघाचा असिस्टंट कोच आहे. आमचं कॉलेज एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या तिसऱ्या थरात, डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतं, म्हणजे खेळासाठी एका डॉलरचीही शिष्यवृत्ती आम्ही देऊ शकत नाही. नाशिकचे मामा दरवेळी फोनवर विचारतात, "म्हणजे पोरं फुकटात आणतोस?" फुकटात नाही मामा, उलट त्यांच्याचकडून फी घेऊन आणतो. सगळी गोम तिथेच आहे.

डिव्हिजन वनचा मामला निराळा. २०२५च्या जुलैपासून तिथली कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पुढचं सगळं आमच्या थरातलं आहे, पण गार्ड पारखण्याचा भाग कुठेही लागू पडेल.

जागा मोजा

पुढच्या दोन वर्षांत कोणते गार्ड पदवी घेऊन बाहेर पडताहेत आणि त्यातला बॉल वर घेऊन येणारा कोण, एवढं कागदावर लिहा. 'चांगला खेळाडू मिळाला तर घेऊ' हा बेत नव्हे.

बघणं

हायस्कूलच्या कोचकडे पूर्ण सामन्याचा व्हिडिओ मागा, आणि तोही हरलेल्या सामन्याचा. जिंकलेला ते न मागता पाठवतात.

व्हिडिओत सगळ्यात आधी पाय बघा. हायस्कूलची तीन गुणांची रेषा १९ फूट ९ इंचांवर असते, कॉलेजच्या मुलांची २२ फूट पावणेदोन इंचांवर. सव्वादोन फुटांहून जास्त फरक. रेषेला बूट चिकटवून चाळीस टक्के मारणारा पोरगा आमच्याकडे येऊन तीसवर घसरलेला मी पाहिलाय. जो आताच रेषेच्या दोन पावलं मागून, उडी न लांबवता टाकतो, तो टिकतो. दुसरं घड्याळ. कॉलेजात ३० सेकंदांत शॉट घ्यावाच लागतो. हायस्कूलला शॉट क्लॉक ठेवायचा की नाही हे राज्यागणिक ठरतं. घड्याळ नसलेल्या राज्यातला गार्ड पाऊण मिनिट बॉल आपटत उभा राहतो आणि लोक त्याला 'शांत डोक्याचा' म्हणतात.

उंचीवरून फुली मारू नका. डेरिक व्हाइटला हायस्कूलमधून डिव्हिजन वनची एकही ऑफर नव्हती. तो कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या डिव्हिजन टू संघात गेला, तिथे त्याची उंची वाढली, आणि २०२४ साली बोस्टनकडून तो एनबीए या व्यावसायिक लीगचा विजेता झाला. पुढे एनबीएत चमकलेल्या जा मोरंटचा किस्सा तर आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. मरे स्टेट विद्यापीठाचे तेव्हाचे असिस्टंट कोच जेम्स केन दक्षिण कॅरोलायनातल्या एका कॅम्पला दुसऱ्याच पोराला बघायला गेले होते. खायला काहीतरी आणायला निघाले, तर बाजूच्या छोट्या जिममधून बॉलचा आवाज आला. आत तिघांविरुद्ध तिघे खेळत होते, त्यात मोरंट. लोक याला नशीब म्हणतात. मी म्हणतो, भूक लागलेली असतानाही माणूस दार ढकलून आत बघतो, ते त्याचं काम आहे.

जिममध्ये बसलात की दर दोन-तीन मिनिटांनी बॉलवरची नजर काढा. चुकीचा पास गेल्यावर हा पहिली तीन पावलं कुठे टाकतो? मागे धावतो, की हात पसरून साथीदाराकडे बघतो? डेव्हिडसन कॉलेजचे माजी कोच बॉब मॅककिलप एनबीएच्या स्टीफन करीबद्दल हेच सांगत आले आहेत. एका सामन्यात त्यांच्यासमोर करीचा खेळ पार बिघडला, बॉल हातचे जात राहिले, पण त्याने ना पंचाला दोष दिला ना साथीदाराला. त्यांनी तिथेच मनाशी ठरवलं, याला घ्यायचं.

आणि पोराच्या कोचला विचारून झालं की प्रतिस्पर्धी कोचला फोन लावा. प्रश्न एकच: "याला अडवायला तुम्ही काय केलंत?" उत्तर "उजवीकडे ढकललं, मग त्याला काही सुचेना" असं आलं तर तेवढं सुधारता येतं. "काही विशेष नाही" असं आलं तर यादीतून नाव काढा.

नियम

आमच्या थरात मेसेज-फोन कधीही चालतात, पण कॉलेजबाहेर समोरासमोर भेट दहावीचं वर्ष संपल्यावरच. कॉलेजच्या खर्चाने होणारी अधिकृत भेट अकरावीतल्या १ जानेवारीपासून. बाकी शंका आपल्या कंप्लायन्सच्या, म्हणजे नियमपालन बघणाऱ्या माणसाला विचारा. इंटरनेटवरचे तक्ते बहुतेक डिव्हिजन वनचे असतात.

कॅम्पस

पोराला संघातल्या मुलांच्या ताब्यात द्या आणि तुम्ही निघून जा. मेसमध्ये तुम्ही शेजारी बसलात तर कुणी खरं बोलणार नाही.

पैशाची बोलणी

इथे घोडं अडतं. माझंही अडलं होतं.

आपल्याकडच्या लग्नाच्या बैठकीसारखंच असतं हे. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत असतात, घरं पसंत असतात, चहा-पोहे होतात, आणि देण्याघेण्याचं कुणीच काढत नाही. मग याद्या करायला बसल्यावर मोडतं. पहिली दोन वर्षं मी पैशाचं बोलणं जमेल तितकं पुढे ढकलत होतो. संघ आवडू दे, प्रोफेसर आवडू देत, मग बघू. साफ चूक. ताकाला जाऊन भांडं लपवू नका.

तिसऱ्या वर्षी मला एक डावखुरा गार्ड फार हवा होता. दोन तासांवरच्या गावातलं घर, स्वयंपाकघरातलं टेबल, आई, तो, आणि कोपऱ्यात खुर्ची ओढून बसलेली आजी. आजीच्या मांडीवर तारेचं बाइंडिंग असलेली वही. आईने विचारलं, "कोच, सगळं धरून वर्षाला आम्हाला किती पडेल?" मी बोलून गेलो, "साधारण अठरा हजार." आदल्या वर्षी तसेच गुण असलेल्या एका मुलाचं आर्थिक मदतीचं पत्र मी पाहिलं होतं; त्याच्या शेवटच्या ओळीत अठरा हजार होते. आजीने वहीत १८ लिहून खाली दोन रेघा मारल्या.

मार्चमध्ये याचं पत्र आलं. शेवटची ओळ: अठरा हजार. मी खूश. दोन दिवसांनी आजीचा फोन. पत्रातले आकडे, सोयीसाठी गोल करून, असे होते: छापील खर्च ६२ हजार, त्यातून गुणवत्तेची शिष्यवृत्ती ३० हजार, कॉलेजचं गरजेनुसार अनुदान ६ हजार, सरकारी विद्यार्थी कर्ज साडेपाच हजार, आणि कॅम्पसवर काम करून मिळणारे अडीच हजार. राहिले अठरा. आजी म्हणाली, "साडेपाच हजार आम्हीच फेडायचे, ती मदत कशी? आणि अडीच हजार तो वर्षभर ग्रंथालयात काम करून कमावणार, म्हणजे ऑगस्टच्या बिलातून ते वजा होणार नाहीत. माझ्या हिशेबाने सव्वीस आहेत." वहीतले १८ तिनेच खोडले होते. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही फसवलं असं मी म्हणत नाही. पण आकडा तुम्ही बोललात." तो पोरगा राज्याच्या सरकारी विद्यापीठात गेला. आता खेळत नाही.

तेव्हापासून मी काय करतो, ते सांगतो.

आकडा तोंडातून काढत नाही. कधीच नाही, अंदाज म्हणूनही नाही. डिव्हिजन थ्रीमध्ये आर्थिक मदत ठरवण्यात कोचचा हात असताच कामा नये, तो नियमच आहे. पण नियम नसता तरी गप्प बसलो असतो. कोचच्या तोंडून निघालेला अंदाज घरात वचन म्हणून लिहून घेतला जातो.

त्याऐवजी पहिल्या पंधरा दिवसांतच घरच्यांना नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता किती पडेल याचा अंदाज देणारं कॉलेजच्या वेबसाइटवरचं पान, उघडायला लावतो. २०११च्या ऑक्टोबरपासून सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक अमेरिकन कॉलेजला तो वेबसाइटवर ठेवावाच लागतो. गेल्या वर्षीचा टॅक्स रिटर्न समोर ठेवून भरा, आठवणीतून नाही. आठ-दहा प्रश्नांत उत्तर देणारा कॅल्क्युलेटर असेल तर ते उत्तर ढोबळ समजा. छापील खर्च बघून घाबरलेले बरेच पालक इथे जरा सैल होतात. काहींना उलट कळतं की झेपणार नाही. तेही जूनमध्ये कळलेलं बरं, मार्चमध्ये नको.

मग निर्णय कुणाचा, ते शोधा. 'आईवडिलांशी बोललो' याला अर्थ नाही. मी सरळ विचारतो, "हे ठरवताना तुम्ही घरात आणखी कुणाशी बोलाल?" कधी आजी निघते, कधी दुकान चालवणारा मामा. आईवडील वेगळे राहत असतील तर आणखी जपून. फाफ्सा, म्हणजे मदतीचा सरकारी अर्ज, २०२४-२५पासून बदलला आहे. पूर्वी मूल ज्याच्याकडे जास्त राहतं त्या पालकाची माहिती लागायची. आता ज्याचा आर्थिक आधार जास्त, त्याची. काही खासगी कॉलेजं तर दुसऱ्या पालकाचीही मागतात. हे आईला ऐनवेळी समजलं तर खापर तुमच्यावर फुटतं.

गुणपत्रक लवकर मागवा आणि ॲडमिशन ऑफिसला दाखवा. गुणवत्तेची शिष्यवृत्ती बहुतेक ठिकाणी पायऱ्यांनी मिळते. पोरगा वरच्या पायरीच्या थोडासाच खाली असेल, तर त्याच्या जंप शॉटपेक्षा गणिताच्या शिकवणीवर बोला. बारावीचं एक सत्र घरचे चार वर्षांचे पैसे वाचवू शकतं, आणि हे पोराला सांगणारा माणूस बहुतेकदा दुसरा कुणी नसतो.

पत्र आल्यावर ओळ न ओळ एकत्र वाचा. दोन रंगांची पेनं घ्या. परत करायचे नाहीत ते पैसे हिरव्याने, कर्ज आणि काम लाल. हिरव्याची बेरीज छापील खर्चातून वजा करा, आणि उत्तराला चारने गुणून वर थोडं ठेवा, कारण फी दरवर्षी वाढते आणि शिष्यवृत्तीची रक्कम बहुधा तीच राहते. कुणाची नोकरी गेली असेल, आजारपण आलं असेल, तर घरच्यांनी मदत ऑफिसला स्वतः पत्र लिहून फेरविचार मागावा. तुम्ही निरोप्या होऊ नका.

हिशेब बसत नसेल तर तसं सांगा. चांगला गार्ड हातचा जातो, जाऊ दे. दुसऱ्या वर्षी पैशापायी सोडून जाणारा गार्ड संघाला दुप्पट महाग पडतो.

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियाच्या बे एरियात मराठी घरी गेलो की बोलणी वेगळ्या वळणाने जातात. तिथे गरजेची मदत बहुधा शून्य येते, कारण दोघांचेही पगार चांगले. म्हणजे हातात फक्त गुणवत्तेची पायरी. आणि आधी वडील विचारतात, "पण याचं कॉम्प्युटर सायन्स नीट होईल ना?" प्रश्न रास्त आहे. मी संघातल्या त्याच विषयाच्या मुलाचा नंबर देतो आणि गप्प बसतो. मराठीत बोललो म्हणून "तुमच्या ओळखीने काही कमी होईल का?" हेही दोनदा ऐकलंय. होत नाही, काका.

विचारणं

एवढं झालं की सरळ विचारा: "आम्हाला तू हवा आहेस. येतोस का?" कितीतरी कोच इथे गुळमुळीत बोलतात आणि पोराला वाटतं, आपण यांच्या यादीत सातवे आहोत.

वाट बघणं

बरीच कॉलेजं १ मेपर्यंत डिपॉझिट मागतात. तोवर कुणी तोंडी 'हो' म्हणालं तर वहीत पेन्सिलीने लिहा. आमच्याकडे बांधून ठेवणारा करार नसतो. प्रवेश मिळाल्यावर फोटोसाठी सही करायचा एक कागद असतो, तेवढाच. एक गोष्ट मात्र आमच्या पथ्यावर पडली आहे. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, सुरू झाल्यापासून वरचे संघ तयार, वयाने मोठे गार्ड तिथून उचलतात आणि हायस्कूलची बरी मुलं एप्रिलपर्यंत मोकळी राहतात. तेव्हा मार्चमध्ये नकार आला तरी फोन नंबर पुसू नका.

डिपॉझिट भरलं तरी उन्हाळ्यात मुलं गळतात. जूनमध्ये व्यायामाचा तक्ता पाठवा आणि त्याच फोनवर हॉस्टेलचा फॉर्म भरला का, पहिलं बिल आलं का, हेही विचारा. पोराला विचारलंत तर तो 'हो' म्हणेल. वही जिच्याकडे असेल, तिला विचारा.