रास्पबेरी पायला दोन-तीन सिरीयल यंत्रं जोडताय? या चुका टाळा

एका दूध संकलन केंद्रावर मी वजनकाटा आणि फॅट मशीन यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर लावून एकाच रास्पबेरी पायला (हा तळहाताएवढा लिनक्स संगणक; पुढे नुसतं 'पाय') जोडून दिली होती. सिरीयल यंत्र म्हणजे आकडे एकेक बिट करून तारेवरून पाठवणारं यंत्र. महिनाभर सगळं सुरळीत. मग एका संध्याकाळी लाइट जाऊन आली आणि पावतीवर छापून आलं: वजन ४.२ किलो, फॅट १२.५. दोन्ही आकड्यांची अदलाबदल!

चूक माझीच. लिनक्स यूएसबी-सिरीयल यंत्रांना 'टीटीवाय-यूएसबी' आणि पुढे नंबर असं नाव देतं. 'टीटीवाय-यूएसबी-०' म्हणजे काटा आणि '१' म्हणजे फॅट मशीन, असं मी प्रोग्राममध्ये पक्कं लिहून ठेवलं होतं. पण लिनक्सला जे आधी सापडेल त्याला शून्य नंबर मिळतो. पाय पुन्हा चालू झाला की क्रम फिरू शकतो. त्यात दोघांचा बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) ९६००. वेगवेगळा असता तर निदान कचरा अक्षरं आली असती आणि लगेच कळलं असतं.

'डेव्ह'मधल्या 'सिरीयल' फोल्डरात 'बाय-आयडी' आणि 'बाय-पाथ' या दोन फोल्डरांत न बदलणारी नावं मिळतात, ती वापरा. बाय-आयडी सोपं, पण सीएच३४० चिप असलेल्या स्वस्तातल्या कन्व्हर्टरना बहुधा स्वतःचा सिरीयल नंबरच नसतो. तसले दोन लावलेत तर दोघांचं नाव एकच होतं आणि यादीत एकच दिसतो. तिथे बाय-पाथ घ्या. ते नाव यंत्राचं नाही, सॉकेटचं असतं, म्हणून सॉकेटवर मार्करने 'काटा' लिहून टाका. झाडलोट करताना कुणीतरी वायर काढून शेजारी खुपसतंच! मी आता पाय तीनदा रीबूट करतो आणि दर वेळी काट्यावर एक किलोचं माप ठेवून आकडा बघतो.

यूएसबी सोडून थेट पायच्या पिनांवर जोडणार असाल तर जपून. त्या ३.३ व्होल्टच्या आहेत आणि आरएस-२३२ ची (अशा यंत्रांच्या जुन्या सिरीयल जोडणीची) लाइन उणे-अधिक १५ व्होल्टपर्यंत जाते. मध्ये व्होल्टेज जुळवणारी मॅक्स३२३२ चिप नसेल तर पाय जळालाच म्हणून समजा. एकाची टीएक्स (पाठवणारी तार) दुसऱ्याच्या आरएक्सला (घेणारीला), आणि ग्राउंड दोन्हीकडचा एक.

पिनांवरून यंत्राला भलताच मजकूर जातोय? लॉगिन कन्सोल (सिरीयल तारेवरून पायमध्ये लॉगिन करायची सोय) चालू राहिला असेल. रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंग प्रोग्राममध्ये तो बंद करा, सिरीयल पोर्ट मात्र चालू ठेवा.

पोर्ट उघडताना 'परमिशन डिनाइड' आलं की सुडो (अॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं) मारायची सवय नको. युजरला सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या 'डायलआउट' ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. हे लॉगआउट विसरून मी अर्धा तास घालवलाय.