लोकप्रिय कादंबऱ्या विश्वासाच्या नजरेनं वाचताना: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

आमच्या वाचनमंडळात नवीन आलेला माणूस पहिल्या बैठकीतच विचारतो, "ख्रिस्ती माणसानं हे वाचलेलं चालतं का?" हे म्हणजे जादूगार, ड्रॅगन, भुतं, खून यांच्या लोकप्रिय कादंबऱ्या. प्रश्न प्रामाणिक असतो, तो झटकून टाकू नका. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात मंत्रतंत्र आणि चेटूक यांना स्पष्ट मनाई आहे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात ते वचन असतं. मी एवढंच सांगते, की आपण काय करू नये ते या वचनात सांगितलं आहे. एखादी गोष्ट वाचून आपल्याला काय हवंसं वाटू लागतं, हा प्रश्न त्यानंतरचा आहे आणि आपला अभ्यास त्याच्यावर उभा आहे.

मात्र एक काळजी घ्या. आपल्या मंडळ्यांमध्ये करणी-भानामतीच्या भीतीतून बाहेर आलेली माणसं असतात. त्यांच्यासाठी चेटूक ही करमणूक नसते, घरात सोसलेली दहशत असते. अशा माणसाच्या हाती जादूची कादंबरी आग्रहानं देऊ नये. रोमकरांस पत्राच्या 14व्या अध्यायातला दुर्बळ बंधूचा विचार, म्हणजे विश्वासात दुबळ्या माणसाला आपल्यामुळे ठेच लागू नये हा विचार, इथे तंतोतंत लागू पडतो.

सुरुवात पवित्र शास्त्रापासूनच करा. नाथान संदेष्टा दाविदाकडे आला तो थेट आरोप घेऊन नाही. त्यानं एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली. राजा संतापला, शिक्षा सुनावून मोकळा झाला, आणि मग "तो मनुष्य तूच आहेस" हे ऐकायची वेळ त्याच्यावर आली. 'शास्ते' या पुस्तकाच्या 9व्या अध्यायात योथाम गरिझीम डोंगरावर उभा राहून राजा शोधायला निघालेल्या झाडांची गोष्ट सांगतो. पौलानं अथेन्समध्ये ग्रीक कवींच्या ओळी आधाराला घेतल्या. प्रभूच्या दाखल्यांबद्दल तर वेगळं सांगायलाच नको. उधळ्या पुत्राचं गाव कोणतं, असं कुणी विचारत नाही आणि त्यामुळे त्याची गोष्ट खोटीही ठरत नाही.

यानंतर दोनच वैचारिक पुस्तकं वाचा. पहिलं म्हणजे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक जे. आर. आर. टोल्किन यांचं परीकथांवरचं व्याख्यान. ते त्यांनी 8 मार्च 1939 रोजी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात दिलं आणि 1947 मध्ये ते निबंध म्हणून छापलं गेलं. देवानं आपल्याला त्याच्या प्रतिरूपात घडवलं म्हणून आपणही घडवतो, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा आहे. कल्पित कथा म्हणजे पळवाट, या आक्षेपालाही ते उत्तर देतात: तुरुंगातल्या कैद्यानं घराची आठवण काढली तर त्याला पळपुटा शिपाई म्हणायचं का? दुसरं पुस्तक ख्रिस्ती विचारवंत आणि कथाकार सी. एस. लुईस यांचं, 1961 मधलं, वाचन कसं करावं याविषयीचं. पुस्तकाला आपल्या कामाला जुंपण्याआधी त्याच्या स्वाधीन व्हा, असा त्याचा आग्रह आहे. विश्वासणाऱ्या वाचकाला हे फार जड जातं, कारण आपल्याला बोध हातात घेऊनच उठायची सवय असते.

एक नमुना सविस्तर सांगते. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (1954–55) या कादंबरीत फ्रोडो एक दुष्ट अंगठी आगीत टाकून नष्ट करायला निघतो. ती वाचणारा नवखा वाचक लगेच चिन्हं शोधायला लागतो: जादूगार गँडाल्फ मरून परत येतो म्हणजे तो ख्रिस्त, फ्रोडो ओझं वाहतो म्हणजे तोही ख्रिस्त, आरागॉर्न राजा आहे म्हणजे तोही. चिन्हांची ही यादी बंद करा. टोल्किन कॅथलिक होते. ही कृती मुळातच धार्मिक आणि कॅथलिक आहे, असं त्यांनी 1953 मध्ये एका धर्मगुरू मित्राला लिहिलं, आणि त्याच पत्रात सांगितलं की म्हणूनच उपासनाविधींचे उल्लेख आपण जवळजवळ सगळे काढून टाकले. त्यांच्या मते श्रद्धा कथेच्या विणीतच मुरलेली होती. ती कुठे मुरली आहे, ते शेवटाकडे बघा. फ्रोडो अग्निदरीच्या काठापर्यंत पोचतो आणि तिथे हरतो. अंगठी टाकायला तो नकार देतो. जग वाचतं ते अंगठीच्या हव्यासानं पछाडलेल्या गोलममुळे. तो फ्रोडोचं बोट चावून अंगठी हिसकावतो आणि आनंदानं नाचता नाचता तोल जाऊन खाली पडतो. आणि गोलम तिथपर्यंत जिवंत असतो, कारण आधी अंगठी बाळगणाऱ्या बिल्बोनं, फ्रोडोनं आणि शेवटी त्याचा सोबती सॅमनंही त्याला मारायची संधी असताना दया केलेली असते. प्रभूच्या प्रार्थनेतली "आमची ऋणे सोड" आणि "आम्हांला परीक्षेत आणू नको" या दोन्ही मागण्या इथे घटनांमधून चालताना दिसतात. एकाही पात्राला प्रवचन द्यावं लागत नाही.

2003 च्या चित्रपटात मात्र फ्रोडो गोलमशी झटापट करतो आणि त्या ओढाताणीत गोलम पडतो. गटात हे दोन्ही शेवट शेजारी ठेवून चर्चा करा. कृपेनं सुटका आणि झुंजीतून सुटका यांतला फरक तरुणांना इथे जितका चटकन कळतो, तितका मी दुसरीकडे पाहिला नाही.

विश्वासाबाहेरच्या किंवा विश्वास उघडपणे न मांडणाऱ्या लेखनालाही हीच नजर लावा. मरणाचं इथे काय होतं? कमजोर माणसाला किंमत आहे का? क्षमा स्वस्तात मिळते की कुणाला तरी ती भरावी लागते? हॅरी पॉटरच्या 2007 मधल्या शेवटच्या पुस्तकात त्याच्या आईवडिलांच्या थडग्यावर करिंथकरांस पहिल्या पत्रातलं, शेवटचा शत्रू मृत्यू नाहीसा होण्याचं वचन कोरलेलं आहे. ते तिथे का आहे, यावर एक संपूर्ण संध्याकाळ जाऊ शकते. मात्र उत्तर जुळलं नाही तर तसं म्हणा. आवडत्या पुस्तकाला बळजबरीनं बाप्तिस्मा देऊ नका.

आपल्या भाषेत या वाटेवर पूर्वज आहेत, हे अनेकांना ठाऊक नसतं. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापलं गेलं. तारणाची कथा त्यांनी ओवीत सांगितली, म्हणजे इथल्या श्रोत्याचा कान जिथे आधीच तयार होता त्या छंदात. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' 1857 ची. विधवांच्या दुःखाकडे त्यांनी कथेतून लक्ष वेधलं, आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. तिच्यात बोध कथेवर कुरघोडी करतो, असं माझं स्पष्ट मत आहे, पण त्यासाठीच ती वाचावी. विणीत मुरलेली श्रद्धा आणि वरून चिकटवलेली श्रद्धा यांतलं अंतर ही आणि टोल्किन यांची कादंबरी शेजारी ठेवल्यावर दिसतं.

पुढे पदव्युत्तर अभ्यास करायचा असेल तर सेंट अँड्र्यूज विद्यापीठात ईश्वरविज्ञान, कल्पनाशक्ती आणि कला यांना वाहिलेली स्वतंत्र संस्था आहे. लुईस, टोल्किन, चेस्टरटन, डोरोथी सेअर्स अशा सात लेखकांचा संग्रह अमेरिकेत इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजच्या वेड सेंटरमध्ये आहे. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आणि ज्ञानदीप या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या दोन्ही संस्थांच्या ग्रंथालयांत बाहेरच्या वाचकाला बसू देतात का, ते पाळकांचं किंवा प्राध्यापकांचं पत्र घेऊन विचारून पाहा. पदव्युत्तर अभ्यासासाठी अर्ज करताना "मला फँटसी आवडते" एवढ्यावर थांबू नका. एकच कादंबरी निवडून तिच्यातल्या एका प्रसंगावर चार पानं लिहून न्या, आणि शास्त्रातलं वचन त्या प्रसंगाशी कुठे जुळतं याबरोबर कुठे जुळत नाही तेही लिहा.