पावसाळ्याआधी गिटारची तयारी, ठाणेकरांसाठी

मुंबई-ठाण्यात पाऊस साधारण 11 जूनच्या आसपास येतो, म्हणजे गिटारचं जे काय करायचंय ते मेच्या शेवटच्या आठवड्यातच उरकून घ्या, एकदा भिंतींना ओल आली की मग काही खरं नाही.

सगळ्यात आधी स्टीलची पट्टी घ्या आणि बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सहाव्या म्हणजे सगळ्यात जाड तारेची फ्रेटपासूनची उंची मोजून फोनमध्ये लिहून ठेवा. नीट सेटअप असेल तर अडीच मिमीच्या आसपास येईल, आणि ऑगस्टमध्ये हीच तीनच्या वर गेली तर बहुतेक लाकडाने पाणी ओढलंय. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत फुगतं, पण वरची फळी चारी बाजूंनी चिकटवलेली, तिला पसरायला जागाच नाही, मग ती मधे वर येते आणि ब्रिजलाही, म्हणजे फळीवर चिकटवलेल्या, तारा अडकवायच्या लाकडी पट्टीलाही उचलते. माझी सॉलिड टॉप, म्हणजे वरची फळी प्लायची नसून अख्ख्या लाकडाची असलेली गिटार मागच्या पावसात पश्चिमेच्या भिंतीला टांगलेली होती, पावसाचा सगळा मारा त्याच भिंतीवर, आणि गणपती येईपर्यंत ब्रिज मागून इतका सुटला की खाली कागद आत सरकायला लागला. पहिल्या पगाराची गिटार होती हो, दोन रात्री झोप नाही लागली. म्हणून सांगते, टांगू नका, हार्ड केसमध्येच ठेवा, आणि केस बाहेरच्या भिंतीपासून लांब, कपाटावर नाहीतर पलंगावर. प्लायची गिटार असेल तर ती बरंच सोसते, तरी तारा गंजतातच, वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा.

एक छोटं डिजिटल ह्युमिडिटी मीटर घ्याच, आणि आल्या आल्या तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात थेंबभर पाणी, नुसतं ओलसर, विरघळवायचं नाही, ते आणि मीटर हवाबंद डब्यात रात्रभर. सकाळी 75 दिसायला हवं, 71 दिसलं तर पुढे कायम चार मिळवून वाचा. केसमध्ये आर्द्रता 45 ते 55 टक्के हवी. व्हिडिओंमध्ये गिटारला ह्युमिडिफायर, म्हणजे हवा दमट ठेवणारा ओला स्पंज, लावायला सांगतात ना, ते हीटर लावणाऱ्या थंड देशांसाठी, आपल्याकडे जुलैत घरातच 80-85 असतं, तो केसमध्ये चुकूनही टाकू नका.

आपल्याला लागते ओल शोषणारी सिलिका जेल, केशरी रंगाची, हिरवी झाली की ओव्हनमध्ये वेगळ्या ट्रेवर तापवून परत वापरायची. सुती पुरचुंडीत बांधून हेडस्टॉकपाशी, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्यांच्या टोकाशी ठेवा, मीटरचा आकडा 40 च्या खाली गेला की काढा. डांबरगोळ्या नकोत, त्या ओल शोषत नाहीत. हवेतली ओल ओढून खाली पाणी साठणारे ते डबे खोलीत ठीक, केसमध्ये अजिबात नाही, सांडलं तर खारं पाणी लाकडात.

ठाण्याहून वाशीला लोकलने न्यायची तर केसला रेनकव्हर घाला, आणि एसी हॉलमधून घरी आल्यावर केस लगेच उघडू नका, अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्या, नाहीतर थंड गिटारवर दव धरतं. मेमध्ये उन्हात लावलेल्या गाडीत तर पाच मिनिटंही नको, डिंक मऊ पडतो.

आणि तारा वर गेल्या म्हणून स्वतः ट्रस रॉड पिळत बसू नका, तो नेकच्या म्हणजे दांड्याच्या आतला लोखंडी गज, दांड्याच्या वाकासाठी असतो, फुगलेली फळी त्याने बसत नाही. आधी आठवडा-दोन आठवडे सिलिका लावून बघा, तरी उतरलं नाही तर दुरुस्तीवाल्याकडे न्या. पाऊस गेला की ऑक्टोबरमध्ये तीच पट्टी घेऊन परत मोजा.