स्क्रू ड्रायव्हर सेट घेताना नग मोजू नका, टोक बघा

डब्यावर '११५ इन १' छापलेलं असतं, किंमतही मोहात पाडणारी असते. पण लॅपटॉप-मोबाइलच्या कामात हात सारखा जातो तो चार-पाच बिटांकडेच (बिट म्हणजे मुठीत बदलून बसवायची टोकं). बाकीचे कप्प्यात नवेकोरे राहतात आणि रोज लागणारे चौफुली, म्हणजे फिलिप्स टोकाचे, पीएच० आणि पीएच०० तेवढे झिजून गोल होऊन बसतात. असा गोल झालेला बिट स्क्रूची खाचही खराब करतो. मग शंभर रुपयांच्या वस्तूपायी लॅपटॉपचं बूड कापायची वेळ येते. म्हणून मोजक्या मापांचा, पण चांगल्या पोलादाचा सेट घ्यावा.

आधी मापं ठरवा. दुकानात चौफुलीलाही 'स्टार' म्हणतात आणि सहा पाकळ्यांच्या टॉर्क्सलाही, तेव्हा नंबर सांगूनच मागा. डेस्कटॉपच्या कॅबिनेटला, एसएमपीएसला (वीजपुरवठ्याच्या डब्याला), ग्राफिक्स कार्डाच्या पट्टीला पीएच२ लागतो. तो बिटांच्या डब्यातला नको. जाड मुठीचा आणि किमान १५० मिमी दांड्याचा वेगळा घ्या, कारण मोठ्या कूलरच्या पंख्यामागचा स्क्रू आखूड दांड्याच्या आवाक्यात येत नाही. लॅपटॉपच्या तळाला बहुधा पीएच० किंवा पीएच१ असतो, आतल्या बारीक पट्ट्यांना पीएच००. मोबाइलमध्ये पीएच०० आणि पीएच०००.

आयफोनच्या चार्जिंग पोर्टशेजारचे दोन स्क्रू पाच पाकळ्यांचे, पी२. मॅकबुकच्या तळाचे तसेच, पण मोठे, पी५. मॅकबुकच्या आत टॉर्क्सचे टी३, टी५, टी८ लागतात. आयफोन ७ पासून आत तीन पात्यांचा वाय००० भेटतो, निन्टेंडो स्विचच्या पाठीला वाय००. एक्सबॉक्सला मधे खुंटी असलेला टॉर्क्स असतो. त्याला भोक असलेले टीआर८ आणि टीआर१० हवेत. भोकाचा बिट साध्या टॉर्क्सलाही चालतो, उलट चालत नाही. मात्र भोकामुळे टोक थोडं कमजोर होतं, म्हणून जोराच्या कामाला साधा टॉर्क्सच वापरावा. मदरबोर्डाखालच्या पितळी खुंट्यांसाठी ५ आणि ५.५ मिमीचे नट ड्रायव्हर असले तर पक्कड घेऊन झटावं लागत नाही. पोझिड्राइव्ह, म्हणजे पीझेड, हे फर्निचरचं माप. इथे त्याचा उपयोग नाही.

जपानी बनावटीच्या उपकरणांत एक वेगळी अडचण येते. तिथली चौफुली बहुधा जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाची असते. काही स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका दिसतो, तीच तिची खूण. साधा फिलिप्स बिट तिच्यात तळापर्यंत बसत नाही आणि जोर दिला की वर उसळतो. जेआयएस बिट मात्र फिलिप्स स्क्रूला सहसा नीट बसतो. जुने कॅमेरे किंवा कन्सोल उघडणार असाल तर जेआयएस ० आणि ०० वेगळे घेऊन ठेवा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत, या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारांत, जाताना खिशात दोन-तीन स्क्रू न्या: एक लॅपटॉपच्या तळाचा, एक एसएसडीचा, एक कॅबिनेटचा. स्क्रू बोटांत धरून बिट खाचेत बसवा आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. डुगडुगला तर तो बिट लहान तरी आहे किंवा त्याचं टोक ओबडधोबड आहे. खाचेत पूर्ण खोल बसेल असा सर्वांत मोठा बिट, हेच योग्य माप. मग मोबाइलच्या कॅमेऱ्यात टोक मोठं करून बघा. चारही पाती सारखी आणि कडा स्वच्छ दिसल्या पाहिजेत. मुलाम्याचे पापुद्रे नकोत.

पोलाद एस२ जातीचं, म्हणजे हत्यारांसाठीचं टणक पोलाद, असलेलं बरं. ते साधारण ५८ ते ६० रॉकवेलपर्यंत (रॉकवेल हे टणकपणाचं माप) टणक करतात. क्रोम-व्हॅनेडियमचे बिट सहसा त्याहून मऊ असतात. पण 'एस२' हा ठसा कोणीही मारू शकतो. घरी आल्यावर एखाद्या न लागणाऱ्या बिटाच्या बाजूला बारीक कानस फिरवा. कानस घसरली तर पोलाद टणक आहे. सहज चरे पडले तर सेट परत करा.

बिटांच्या सेटची मूठ १२ ते १५ मिमी जाडीची आणि तिच्या मागच्या टोकाची टोपी मोकळी फिरणारी असावी. टोपीवर तर्जनी दाबून ठेवायची आणि अंगठा व मधल्या बोटाने फिरवायचं. बिट बसवून मूठ उलटी धरा, बिट पडता कामा नये. बिटधारक, म्हणजे बिट बसतो तो पुढचा भाग, फिरवताना लचकत असेल तर तो सेट ठेवून द्या. एक गोष्ट मात्र डबा बघून कळत नाही: धारकाची बाहेरची जाडी ६-७ मिमी असते, त्यामुळे प्रिंटरच्या किंवा अ‍ॅडॉप्टरच्या खोल, अरुंद भोकात तो शिरतच नाही. अशा जागी सलग दांड्याचा पीएच१ हवा, १०० मिमीचा. विस्तारदांडा इथे कामाचा नाही, कारण त्याचंही तोंड जाडच असतं.

टोकाला चुंबक हवाच, नाहीतर सुटलेला स्क्रू बोर्डाखाली जातो. या एवढ्याशा चुंबकाने एसएसडी किंवा हार्ड डिस्कमधला डेटा जात नाही.

चांगला बिट असूनही खाच जाते ती दाब कमी पडल्याने. फिलिप्सचे उतार असे असतात की जोराने फिरवलं की बिट आपोआप वर येतो. तेव्हा स्क्रू काढताना बहुतेक ताकद खाली दाबण्यात आणि थोडीच फिरवण्यात घालवा. लॅपटॉपच्या बिजागरीच्या स्क्रूंना बऱ्याचदा निळा थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) लावलेला असतो. ते हलत नसतील तर झटू नका. बॅटरीचा कनेक्टर काढून डोक्यावर सोल्डरिंग आयर्नचं टोक १०-१५ सेकंद टेकवा आणि लगेच फिरवा. शेजारी प्लॅस्टिक असेल तर वेळ कमी करा. खाच अर्धी गेली असेल तर बिटाखाली रुंद रबरबँडचा तुकडा ठेवून दाबून फिरवायचं. तेही जमलं नाही तर खाचेच्या आरपार, कर्णात घट्ट बसणारा चपटा बिट. ग्राइंडरने नवी खाच पाडायचं अगदी शेवटी, आणि बोर्ड काढून ठेवल्यावरच, कारण लोखंडाचा कीस पिनांमध्ये अडकला की शॉर्ट होतो.

सेटबरोबर कप्प्यांची चुंबकी चटई मिळाली तर चांगलंच, नाहीतर कागदावर आकृती काढून स्क्रू चिकटपट्टीने जागच्या जागी लावा. आयफोनमध्ये हे चुकवून चालत नाही. दोन स्क्रूंच्या लांबीत मिलिमीटरहून कमी फरक असतो, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो बोर्डातल्या तारा कापतो. मग फोन सुरूच होत नाही.

पैसे देण्याआधी बिटाचा बुंधा ४ मिमीचा षटकोनी आहे ना, ते पाहा. त्या मापाचे सुटे बिट सहज मिळतात. पीएच० आणि पीएच०० त्याच वेळी दोन-दोन जादा घ्या; पात्यांच्या कडा चकाकायला लागल्या की जुना टाकून द्यायचा.