दोन कंपन्यांतला 'निर्वाणा' कसा ऐकावा
छोट्या स्वतंत्र कंपनीत असलेला रॉक बँड आणि मोठ्या कंपनीत गेलेला तोच बँड यांची तुलना करायची असेल, तर 'निर्वाणा'पासून सुरुवात करावी. अवघ्या ६०६ डॉलरमध्ये ध्वनिमुद्रित झालेला, 'सब पॉप' या छोट्या कंपनीने १९८९ मध्ये काढलेला 'ब्लीच' आणि 'डीजीसी' या मोठ्या कंपनीचा १९९१ मधील 'नेव्हरमाइंड' हे दोन्ही अल्बम एकाच हेडफोनवर, आवाजाची पातळी सारखी करून ऐकावेत, कारण मोठा आवाज कानाला उगाचच चांगला वाटतो. खानापुरात पत्र्यावर पाऊस कोसळत असताना हा उद्योग करू नये, हे मी अनुभवाने सांगतो.

प्रथम केवळ ड्रम्सकडे लक्ष द्यावे. फरक जाणवताच तो कंपनीच्या खात्यावर मांडण्याची घाई मात्र करू नये, कारण मधल्या काळात ड्रमर चॅड चॅनिंगच्या जागी डेव्ह ग्रोल आला होता आणि ध्वनिमुद्रणही जॅक एंडिनोऐवजी बुच व्हिगने केले होते. 'नेव्हरमाइंड'मधले 'पॉली' हे गाणे तर 'डीजीसी'शी करार होण्यापूर्वीच, १९९० मध्ये, मॅडिसन शहरात ध्वनिमुद्रित झाले होते. त्यातल्या झांजा चॅनिंगने वाजवलेल्या आहेत.

त्यानंतर १९९३ चा 'इन युटेरो' लावावा. कंपनी तीच, पण ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीच्या हाताखाली आवाज पुन्हा खरखरीत झालेला ऐकू येतो.