लॉगिनच्या आधी वायफाय: लिनक्स चालू होताच नेटवर्क लागावं म्हणून

लाईट जाऊन आली की सोसायटीच्या ऑफिसातला लिनक्सचा पीसी चालू होतो, पण कुणी जाऊन लॉगिन केल्याशिवाय त्याला वायफाय लागत नाही. उबुंटू असो, मिंट असो की डेबियन, कारण बहुतेक वेळा एकच: वायफायचा पासवर्ड त्या युजरच्या कीरिंगमध्ये, म्हणजे पासवर्डच्या कुलूपबंद पेटीत असतो आणि कीरिंग उघडते लॉगिननंतर. तोवर नेटवर्कमॅनेजरला (नेटवर्क जोडणाऱ्या प्रोग्रामला) नेटवर्कचं नाव ठाऊक असतं, पासवर्ड नसतो. तो सिस्टिमकडे द्यायचा, एवढंच मुख्य काम.

डेस्कटॉपवर मेनूतून 'नेटवर्क कनेक्शन्स' उघडा आणि आपल्या वायफायवर दोनदा क्लिक करा. 'जनरल' टॅबमध्ये 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' आणि 'ऑल युजर्स मे कनेक्ट टू धिस नेटवर्क' या दोन्हींवर टिक हवी. मग 'वायफाय सिक्युरिटी' टॅबवर या. पासवर्डच्या चौकटीत उजव्या टोकाला एक छोटं चिन्ह असतं. त्यावर क्लिक करून 'स्टोअर द पासवर्ड फॉर ऑल युजर्स' निवडा. हे चिन्ह सहज नजरेतून सुटतं, आणि मग टिक असूनही वायफाय लागत नाही.

मॉनिटर नसलेल्या मशीनवर दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने शिरून 'सुडो एनएमटीयूआय' चालवा, 'एडिट अ कनेक्शन'मध्ये जा आणि 'ऑटोमॅटिकली कनेक्ट' व 'अव्हेलेबल टू ऑल युजर्स' यांवर स्पेसबारने फुली मारा.

कनेक्शनच्या सेटिंग्जची, म्हणजे प्रोफाइलची फाइल सहसा ईटीसीखालच्या नेटवर्कमॅनेजर फोल्डरात, 'सिस्टिम-कनेक्शन्स'मध्ये असते; उबुंटू 23.10 पासून मात्र ती ईटीसीखालच्या नेटप्लॅन फोल्डरात जाते. दुसऱ्या मशीनवरून ती कॉपी केलीत तर मालकी रूटची (सिस्टिमच्या मुख्य खात्याची) आणि परवानगी 600, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी हवी. परवानगी सैल असली तर नेटवर्कमॅनेजर फाइल वाचतच नाही, स्क्रीनवर काही सांगतही नाही. या फाइलमध्ये पासवर्ड उघडा लिहिलेला असतो. म्हणून लोकलमधून रोज नेण्याच्या लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केलेलीच बरी. ऑफिसातल्या पीसीवर मात्र तसं केलंत तर तो बूट होतानाच पासवर्ड मागत थांबेल.

राउटर आणि मोबाइल हॉटस्पॉट दोन्ही सेव्ह असतील तर 'जनरल' टॅबमध्ये राउटरला प्रायॉरिटी 10 द्या, हॉटस्पॉट 0 वर राहू द्या. मोठा आकडा जिंकतो.

आता लाईट आल्यानंतरची खरी अडचण. जिन्यात वायफाय लांबवर नेणारा एक्स्टेंडर बसवलेला असेल तर त्याचं वायफाय आधी दिसू लागतं, मागचा मुख्य राउटर अजून उठत असतो. पीसी एक्स्टेंडरला जोडला जातो, पण त्याला नेटवर्कवरचा आयपी पत्ता देणारं कुणी नसतं. असे 4 प्रयत्न फसले की नेटवर्कमॅनेजर काही वेळ गप्प बसतो. त्यावर उपाय: 'एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय', पुढे प्रोफाइलचं नाव, मग 'कनेक्शन डॉट ऑटोकनेक्ट-रिट्राइज' आणि शेवटी 0. इथे शून्य म्हणजे प्रयत्न कधीच न सोडणं. माणूस नसलेल्या मशीनला हे करायलाच हवं. शिवाय बायोसमध्ये लाईट आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग तपासा.

तरीही जमत नसेल तर 'एनएमसीएलआय डिव्हाइस' चालवून बघा. कार्डापुढे 'अनमॅनेज्ड' दिसलं तर डेबियनवर बहुधा ईटीसी, नेटवर्कखालच्या 'इंटरफेसेस' फाइलमध्ये त्या कार्डाच्या ओळी राहिलेल्या असतात. त्या काढा आणि रीबूट करा. 'अनअव्हेलेबल' दिसलं तर वायफाय कुठे ब्लॉक झालंय ते 'आरएफकिल लिस्ट'ने बघा. सॉफ्ट ब्लॉक 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय' या कमांडने निघतो, हार्ड ब्लॉकसाठी लॅपटॉपवरचं बटणच दाबावं लागतं. रास्पबेरी पायवर देश निवडलेला नसला तर वायफाय बंदच राहतं. 'रास्पी-कॉन्फिग'च्या लोकलायझेशनमध्ये भारत निवडा. कार्ड यादीतच नसेल तर बहुधा त्याचा ड्रायव्हर किंवा फर्मवेअर (कार्डाला लागणारं सॉफ्टवेअर) नाही. लॅमिंग्टन रोडवरून यूएसबी डाँगल आणणार असाल तर आधी त्यातल्या चिपचं नाव विचारा आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे ना, ते शोधून मगच पैसे द्या.

शेवटी रीबूट करा आणि लॉगिन करू नका. दोनेक मिनिटांनी दुसऱ्या मशीनवरून पिंग करा. उत्तर आलं नाही तर लॉगिन करून याच बूटचा नेटवर्कमॅनेजरचा लॉग 'जर्नलसीटीएल'ने काढा. त्यात 'नो-सीक्रेट्स' दिसलं तर पासवर्ड बहुधा अजून कीरिंगमध्येच आहे.