गाठीजवळ सागवान उपटत होतं, ते असं थांबवलं

सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याची सागवानी फळी. रंधा मारला की गाठीजवळ तंतू उपटायचे. दिशा बदलून भागेना, कारण गाठीभोवती लाकडाच्या तंतूंची रेषा दोन्हीकडे वळते.

उपाय रंध्याच्या टोपीत सापडला. लोखंडी रंध्यात पात्यावर स्क्रूने आवळलेली जी दुसरी पट्टी असते, तीच टोपी; ती धारेपासून अर्ध्या मिलिमीटरहून कमी अंतरावर आणली. ढलपी उठताक्षणीच मोडते, त्यामुळे लाकूड पुढे फाटत नाही. टोपी पात्याला अगदी चिकटून हवी, फट राहिली की ढलप्या अडकतात. पात्याला आधी 25 अंशांवर नीट धार लावून घ्या. रंध्याचं तोंड, म्हणजे पातं जिथून बाहेर येतं ती फट, तीही थोडी अरुंद केली.

लांब रंधा सपाटीसाठी, आखूड सफाईसाठी. हे काम आखूड रंध्याचंच. जाड ढलपी काढायची असेल तेव्हा टोपी पुन्हा मागे घ्या, नाहीतर रंधा फार जड ओढावा लागतो.